काल म्हणजे कधी

माझ्या दोघा नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारले, आजी, तू काय काम करायचीस? तिला शाळेसाठी घरातल्या मोठ्या माणसाबद्दल दहा ओळी लिहायच्या होत्या. मी सांगितले की मी मुलांना जुन्या कविता आणि पुस्तके समजावून सांगायचे. तिने ते लिहून घेतले, थोरल्याने मागून हात हलवला आणि कॉल संपला. नंतर भांडी पुसताना मनात आले की उत्तर बरोबर दिले, पण अर्धेच दिले. एका कवितेतला एक शब्द मी एका मुलीला बरोबर समजावून सांगितला आणि त्यानंतर जे झाले ते मी कोणालाच सांगितलेले नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

आत्ता लिहायचे कारण असे की या जूनमध्ये माझ्याकडे मराठी शिकायला कोणी आले नाही. आधी अकरा मुले होती, मग चार, मागच्या वर्षी एक. यंदा कॉलेजातच मराठी विषय कोणी घेतला नाही. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या जास्तीच्या खुर्च्या मी सोसायटीच्या ऑफिसला देऊन टाकल्या. दुसरे कारण मागच्या महिन्यात घडले. ते शेवटी येईल, कारण मला गोष्ट क्रमानेच सांगता येते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. तुमची आई वाचून दाखवेल. तिला म्हणावे, मधले काही गाळू नकोस.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. एम.ए. इंग्रजीत केले आणि बडोद्यातल्या एका कॉलेजात तीस वर्षे इंग्रजी कविता शिकवली. घरी मराठी होती, पण ती बडोद्याची. आम्ही भाजीला शाक म्हणत होतो, पुस्तकाला चोपडी म्हणत होतो, आणि निघताना एकमेकांना आवजो म्हणत होतो. त्यात काही वेगळे आहे हे मला लग्नानंतर कळले. लग्न होऊन आठवडा झाला होता. तुमच्या आजोबांच्या पुण्याच्या मावशींकडे आम्ही गेलो होतो. स्वयंपाकघरात बायकांची धावपळ चालली होती. हातभार लावावा म्हणून मी आत जाऊन म्हणाले, "मावशी, मी नवरीच आहे, काहीतरी द्या ना करायला."

गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हाताला काम नसलेली. मावशींनी माझ्या हिरव्या चुड्याकडे पाहिले.

"हो गं बाई, दिसतंय ते. नवरी नसतीस तर घरात घेतलं असतं का तुला?"

सगळ्या हसल्या. पुढे कितीतरी वर्षे त्या घरी गेले की कोणी ना कोणी विचारी, काय, अजून नवरीच का? हसण्यात वाईटपणा नव्हता. पण मी बडोद्याला परत आले ती शब्दकोश घेऊनच. मराठी मी पंचविसाव्या वर्षी, परकी भाषा शिकावी तशी, नियम लावून शिकले. लहानपणी सहज बोलणारी माणसे भाषेच्या बाबतीत सैल असतात. उशिरा शिकलेली कडक होतात. मी कडक झाले.

निवृत्त झाल्यावर गोत्रीच्या या घरात मी मराठीच्या शिकवण्या सुरू केल्या. बी.ए.ला मराठी घेतलेली मुले यायची. बहुतेकांची शाळा गुजराती माध्यमाची, घरात मराठी, बाहेर गुजराती आणि हिंदी. जुनी कविता समोर आली की ती बिचकत. माझी एक पद्धत होती. कविता आधी एकदा न थांबता मोठ्याने वाचायची. मग पेन्सिल घेऊन अडलेल्या शब्दांखाली रेघ मारायची. मग तीन प्रश्न: कोण बोलते आहे, कोणाशी बोलते आहे, आणि कधी. या तिन्हींची उत्तरे आल्याशिवाय माझ्या टेबलावर 'सुंदर' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. मुले हसायची, पण त्यांना आधार वाटायचा. तीन प्रश्न तर कोणालाही विचारता येतात.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी चार मुले होती. तीन आमच्याच भागातली. चौथी मुलगी पाणीगेटहून दोन बस बदलून यायची आणि सगळ्यांच्या आधी पोचायची. तिचे वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. आई घरी शिवणकाम करी. मराठी का घेतलीस, असे मी पहिल्या दिवशी विचारले तेव्हा ती म्हणाली, आईला हवी होती म्हणून. आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली होती, मग घरच्यांनी शाळा सोडायला लावली. आता मुलगी जे शिकेल ते आईला वाचून दाखवायचे, असे ठरले होते. मुलीला एम.ए. करायचे होते आणि शिक्षिका व्हायचे होते. वडिलांनी सांगून ठेवले होते की फर्स्ट क्लास आला तर पुढे शीक, नाहीतर कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा आहे, तिथे लाग. ते वाईट माणूस नव्हते. तेवढेच त्यांच्या हातात होते.

ती फार हुशार होती असे मी म्हणणार नाही. तिचे शुद्धलेखन कच्चे होते. पण मोठ्याने वाचायला लागली की बाकीची तिघे चुळबुळ थांबवायची. ती कविता वाचायची ती एखाद्याला निरोप सांगावा तशी. रोज घरी आईला वाचून दाखवायची सवय होती, त्याचा तो गुण. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तिची आई आजारी पडली. पोटाचा आजार होता आणि ऑपरेशन करून उपयोग नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते. हे मला तिने सांगितले नाही. दुसऱ्या एका मुलीकडून कळले.

अभ्यासक्रमात एक छोटी जुनी कविता होती. कोणाची ते माहीत नाही, कवीच्या नावाच्या जागी पुस्तकात 'अज्ञात' असे छापले होते. एक बाई पाहुण्याची तयारी करते आहे. अंगण झाडते, पाणी भरते, निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडते. पाहुणा कोण ते सांगितलेले नाही. शेवटच्या ओळीत शेजारीण कुंपणापलीकडून दोनच शब्द बोलते. एक पाहुण्याचा आणि दुसरा 'काल'. क्रियापद नाही. कविता तिथेच संपते. म्हणजे पाहुणा काल येऊन गेला. ही घरी नव्हती, आणि आज चाललेली सगळी तयारी उशिराची आहे. तीस वर्षे इंग्रजी कविता शिकवल्यावरसुद्धा मला ती कविता फार मोठी वाटत आली आहे.

त्या दुपारी मी नेहमीप्रमाणे तिला वाचायला सांगितले. तिने छान वाचली. मग मी प्रश्न विचारले. कोण बोलते आहे? शेजारीण. कोणाशी? त्या बाईशी. कधी? म्हणजे शेजारीण ज्याबद्दल बोलते आहे ते कधीचे आहे?

"उद्याचं," ती म्हणाली. "पाहुणा उद्या येणार आहे."

गुजरातीत काल म्हणजे गेलेला दिवसही आणि येणारा दिवसही. हिंदीतल्या कलसारखे. कोणता ते क्रियापदावरून कळते, आणि इथे क्रियापदच नव्हते. तिची चूक फक्त बडोद्यात होऊ शकते अशी होती. पुण्याच्या मुलाला ती सुचलीही नसती. बाकीची तिघे हसली. मीही हसले, हे मला लिहिले पाहिजे. मी म्हणाले, अगं, हे गुजराती काल नाही, मराठी आहे. पाहुणा येऊन गेला. मग मी सगळी कविता पुन्हा उलगडून दाखवली. तयारी कशी वाया गेली, तांदूळ पुन्हा निवडण्याला कसा वेगळा अर्थ येतो, कवीने क्रियापद का टाळले असेल. चांगला अर्धा तास बोलले. बाकीच्यांनी भराभर लिहून घेतले. ती लिहीत नव्हती. पुस्तकातल्या त्या शब्दावर तिने अंगठा ठेवला होता.

तास संपल्यावर ती मागे राहिली. खुर्च्या सरळ करायला लागली, हे तिचे नेहमीचे काम नव्हते.

"मॅडम, उद्या असं नाहीच का होऊ शकत?"

मी म्हणाले, नाही.

"आमच्या घरी बोलतात तसं. काल जाऊ, काल करू."

"घरी बोलतात. कवितेत नाही."

"आईला मी उद्या असंच सांगितलंय," ती म्हणाली. "ती रोज हीच वाचायला लावते. म्हणते, शेवटी कोणीतरी येतं म्हणून बरं वाटतं."

तेव्हा मला थांबता आले असते. मी तिला बसवून पाणी दिले असते तरी चालले असते. त्याऐवजी मी तिला सांगितले की कवितेतून आपल्या सोयीचा अर्थ काढायचा नसतो, कवितेशी खोटे बोलायचे नसते, आणि परीक्षेत हा प्रश्न आला तर नीट लिही. ती हो म्हणाली. जाताना चपला घालायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

ती तरीही येत राहिली. जानेवारीपर्यंत एकही तास चुकवला नाही. फेब्रुवारीत सलग तीन वेळा आली नाही, फोनही उचलला नाही, तेव्हा मी एका सकाळी रिक्षा करून पाणीगेटला गेले. तुम्हाला तो भाग आठवणार नाही. जुन्या वेशीच्या दरवाज्याच्या आत बोळ इतका अरुंद होतो की रिक्षा बाहेरच सोडावी लागते. दोन ठिकाणी विचारत गेले. घर दीड खोलीचे, पण टापटीप. शिलाईचे यंत्र भिंतीकडे सरकवलेले, त्यावर औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे ओळीने लावलेल्या. असे लावणारे घर मला लगेच आपले वाटते.

मुलगी औषध आणायला गेली होती. आई खाटेवर उशाला टेकून बसली होती. अंगावर काही उरले नव्हते, पण केस विंचरलेले होते. मी कोण ते सांगितले तेव्हा ती उठायला लागली. मी बसवले.

"बेन, तुम्ही इतक्या लांब कशाला आलात? मुलगी चहा करेल आता."

मी म्हटले, चहा नको, मुलगी तीन तासांना आली नाही म्हणून पाहायला आले. तिने मला जवळ बोलावले. मग दाराकडे पाहून तिने आवाज खाली आणला.

"ती यायच्या आत एक बोलून घेते. तिला 'काल'चा अर्थ तुम्ही सांगितलात ना?"

मी मान डोलावली. म्हणाले, हो.

"मला वाटलंच. आधी ती शेवटपर्यंत भरभर वाचायची. डिसेंबरपासून त्या शब्दाच्या आधी थांबायला लागली."

मी विचारले, म्हणजे तुम्हाला अर्थ माहीत होता?

"बेन, सातवीपर्यंत मराठीत शिकले मी. बोलते मी पण काल जाऊ, काल करू. बोलायचं वेगळं, वाचायचं वेगळं." तिने श्वास घेतला. "पहिल्या दिवशी तिनं वाचलं आणि म्हणाली, आई, पाहुणा उद्या येणार. इतकी खूश झाली होती. म्हटलं, असू दे. तिला उद्या पाहिजे असेल तर असू दे."

मी सांगितले की मुलीला वाटते, आईलाच ते हवे आहे.

"माहीत आहे मला. म्हणून तर ती अजून उद्या म्हणूनच वाचते. आणि मी ऐकते." ती थोडी हसली. "तिला सांगू नका, मला ठाऊक आहे म्हणून. तिला वाटू दे मी फसले. तेवढं तिला करता येतंय माझ्यासाठी."

मी कबूल केले.

थोड्या वेळाने मुलगी आली. मला पाहून दचकली, मग चहा ठेवला. अभ्यासाचे विचारले तर म्हणाली, होतोय थोडा थोडा. वडील कंपनीच्या बसने पहाटे जातात ते संध्याकाळी येतात, त्यामुळे दिवसभर तिलाच थांबावे लागे. चहा झाल्यावर आई म्हणाली, बेन आल्याच आहेत तर ती कविता वाच, त्यांनाही ऐकू दे. मुलीने माझ्याकडे पाहिले. ती नको म्हणेल असे मला वाटले. पण तिने पुस्तक घेतले आणि वाचली. शेवटच्या शब्दाआधी ती थांबली, अगदी आईने सांगितले होते तशीच, आणि मग तो शब्द म्हणून पुस्तक मिटले.

आई मुलीकडे न बघता मला म्हणाली, "म्हणजे येणार ना बेन, पाहुणा? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा."

ते तिने मुलीसाठी विचारले होते. मुलीने जे खोटे धरून ठेवले होते ते मी एकदा खरे म्हणावे, म्हणजे मुलीला एकटीला ते वाहावे लागणार नाही, एवढेच तिला हवे होते. हे मला तिथेच, त्याच क्षणी कळले होते. नंतर कळले असते तर मी स्वतःला समजावू शकले असते. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तीच ती मुलगी, जिला मी सांगितले होते की कवितेशी खोटे बोलायचे नाही. 'हो, येणार' एवढेच म्हणायचे होते. माझ्या तोंडून निघाले, "तसं पाहिलं तर दोन्ही अर्थ लावता येतात."

आई पुन्हा हसली. या वेळी थकून. "बेन, तुम्ही परीक्षेतलं उत्तर दिलंत."

मुलीने कपबशा उचलल्या आणि मोरीपाशी नेल्या. नळ चालू ठेवून ती बराच वेळ विसळत होती. मी आणखी थोडा वेळ बसले. जेवणाचे, औषधांचे बोलणे झाले. मग निघाले. बोळाच्या तोंडापर्यंत मुलगी पोचवायला आली. रिक्षात बसल्यावर मी आवजो म्हणाले. तिने मान हलवली.

होळीच्या आठ दिवस आधी तिची आई गेली. मी दहाव्याला गेले. मुलगी पाहुण्यांना पाणी देत होती. वडील कारखान्याच्या चार-पाच माणसांत बसले होते. दाढी वाढलेली, काही विचारले की दोनदा विचारावे लागत होते. मी त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, तिने ठेवू दिला. त्या दिवशी मी काही सांगितले नाही. आईला वचन दिले होते, आणि ते मोडायची ती जागा नव्हती.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. ती कविता प्रश्नपत्रिकेत आली, शेवटच्या ओळीचा अर्थ स्पष्ट करा म्हणून, आणि त्या प्रश्नाला बरेच गुण होते. पेपर संपल्यावर बाकीची तिघे माझ्याकडे आली, पेपर सहेला, म्हणजे सोपा, होता म्हणाली, तुम्ही सांगितले तेच आले. ती आली नाही. निकाल लागला तेव्हा तिचा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला होता. मी फोन केला. या वेळी तिने उचलला. मी विचारले, तो प्रश्न कसा गेला?

"सोडून दिला, मॅडम."

मी विचारले, का? तुला तर उत्तर येत होतं.

"येत होतं म्हणूनच," ती म्हणाली.

जूनपासून ती मकरपुऱ्यात स्टोअरमध्ये लागली. सकाळी वडिलांबरोबर त्याच कंपनीच्या बसने जायची. एकदा सणाला तिचा मेसेज आला, मी उत्तर दिले. मग तेही थांबले. त्यानंतर सहा वर्षे मी आणखी काही मुलांना शिकवले. तीच पद्धत, तेच तीन प्रश्न. फक्त त्या कवितेपाशी आले की मी ती स्वतः वाचायचे आणि 'काल'चा अर्थ आधीच सांगून टाकायचे. प्रश्न विचारायचे नाही. मुलांना वाटायचे, मॅडम या कवितेत जरा घाई करतात.

आता मागच्या महिन्याचे. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात ती. केस आखूड केलेले, हातात स्कूटरचे हेल्मेट. वडील निवृत्त झाले म्हणाली. घरी बसले की आता आईच्या गोष्टी सांगतात, आधी कधी सांगत नसत. परवा सांगत होते की तुझी आई शाळेत मराठीत नेहमी पहिली यायची, शिक्षक तिची वही वर्गात वाचून दाखवायचे. हे सांगून तिने पाणी प्यायले आणि ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला.

"मॅडम, आईला माहीत होतं ना? काल म्हणजे काल?"

सहा वर्षे मी वचन पाळले होते. ते मोडणे बरोबर की चूक हे मी अजून ठरवलेले नाही. पण तिने मला सरळ विचारले होते, आणि एकदा सरळ उत्तर न दिल्याने काय होते ते मी पाहिले होते.

"हो," मी म्हणाले. "तुझ्या थांबण्यावरून तिला कळलं की तुलाही कळलंय."

तिने ग्लास खाली ठेवला. मग सावकाश, एकेक वाक्य लावत असल्यासारखी बोलली. "म्हणजे ती मला फसवत होती आणि मी तिला."

"हो."

"आणि तुम्हाला दोघींचं माहीत होतं."

"हो," मी म्हणाले. "आणि तिनं विचारलं तेव्हा मी 'येणार' म्हणायला हवं होतं. तुझ्यासाठी विचारलं होतं तिनं."

तिने मला माफ केले असे मी लिहिणार नाही. तसे काही ती बोलली नाही, आणि मी विचारले नाही. ती रडली, पण थोडीच. मग तिने विचारले की आईने आणखी काय सांगितले. मला आठवत होते ते सगळे मी सांगितले. औषधांच्या बाटल्या, विंचरलेले केस, आईने काय म्हटले आणि कशा आवाजात म्हटले. दोन वाक्ये तिने पुन्हा सांगायला लावली. बारा वाजले तेव्हा मी जेवायला थांब म्हटले. थांबली नाही, वडील वाट पाहत असतील म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. काही बोलायचे नव्हते, म्हणून तिने कपाटातून एक पुस्तक काढले आणि वाचायला लागली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली.

मुलांनो, तुमच्या आजीचे शिकवणे संपले. मराठी घेणारे कॉलेजात कोणी उरले नाही, आणि मला आता मोठ्या अक्षरात लिहिता येते, पण छापलेले बारीक अक्षर वाचता येत नाही. ती मुलगी एम.ए. झाली नाही, शिक्षिका झाली नाही, पुढे होईल असेही नाही. ती स्टोअरमध्ये काम करते. रविवारी दहा वाजता ती येते आणि तासभर मोठ्याने मराठी वाचते, आणि मी ऐकते.